मोरीला उतार लागतो

ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. ग्रामदैवताची शपथ घेऊन सांगतो. मी स्वतः तिथे हजर होतो आणि सगळं या डोळ्यांनी पाहिलं.

चष्मा त्या दिवशी काडी बसवायला दिला होता, ही गोष्ट वेगळी. आणि हजर म्हणजे अगदी अंगणात नव्हे. मठाबाहेरच्या बाभळीखाली माझी फटफटी बंद पडली होती, तिथे. पण माळावरचा वारा माझ्या बाजूला वाहत होता आणि कान माझे पहिल्यापासून चांगले आहेत.

तर...

"पण महाराज, विश्वासू मिस्त्री मिळतो कुठे?"

"कशाला हवा?"

"मोरीसाठी."

"मोरीला विश्वास कशाला? मोरीला उतार लागतो."

विचारणारे बलभीमराव काळदाते. वजनमापं तपासणारे निरीक्षक म्हणून उभी हयात गेली, आता निवृत्त. पांढराशुभ्र सदरा, खिशात स्वतःची मोजपट्टी. ते बाजारात शिरले की वाण्यांच्या तागड्या आपोआप सरळ होत, असं सांगतात. कोण सांगतात? मीच सांगतो.

उत्तर देणारे सिद्रामबुवा. बार्शीच्या अलीकडे माळावर त्यांचा मठ. मठ म्हणजे दोन खोल्या, एक लिंब आणि ऐसपैस अंगण. बुवा प्रवचन करत नसत, अंगारा देत नसत. कुणी शिडीवर चढलं की खालून शिडी धरत. बस. बुवांनी धरलेल्या शिडीवरून आजवर कुणी पडलेलं नाही. एक जण तर शिडी काढून घेतल्यावरही बराच वेळ वरच होता, पण ते राहू द्या.

"उतार लागतो हे मलाही कळतं, महाराज," बलभीमराव म्हणाले. "तो देणारा माणूस मिळत नाही. आई पडली माझी."

"केव्हा?"

"संक्रांतीच्या आत. मोरीच्या कोपऱ्यात पाणी साचायचं. शेवाळ धरलं. पाय घसरला, खुबा मोडला. आता कुर्डुवाडीला बहिणीकडे आहे. काठी घेऊन चालते, पण..."

"पण?"

"म्हणते, मोरीतलं पाणी जायला लागलं की मला न्या. लेकीच्या घरात मरायचं नाही म्हणते. रोज संध्याकाळी फोन. एकच विचारते. पाणी जातंय का रे?"

"जातंय?"

बलभीमरावांनी खिशातली मोजपट्टी चाचपली.

बुवा थांबले. त्यांना थांबता येत असे.

"नाही जात," शेवटी बलभीमराव म्हणाले. "फरशी उचकटून उचकटून जमीन चाळणी झाली. एक मिस्त्री गेला, दुसरा आला. सगळे एका माळेचे मणी. मी दारात खुर्ची टाकून बसतो, महाराज. थापीवरची नजर हलवत नाही. जाताना पिशवी उलटी करून दाखवायला लावतो. तरी फसवतात. पाणी पुन्हा त्याच कोपऱ्यात."

यात अतिशयोक्ती नाही. बलभीमरावांच्या गल्लीतून जाताना मिस्त्री लोक थापी सदऱ्याखाली लपवत. एक फरशीवाला तर धंदा सोडून गुलबर्ग्याला आचारी झाला, आणि बुंदी पाडतानाही मध्येच मागे वळून बघतो म्हणे.

"तुम्ही स्वतः तपासता?" बुवांनी विचारलं.

"तपासतो? लेव्हलच्या नळीचं दुसरं टोक मी स्वतः धरतो."

ही नळी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आरपार दिसणारी लांबलचक नळी, आत पाणी. एक टोक एकाने इथे धरायचं, दुसरं दुसऱ्याने तिथे. मध्ये भिंत येवो नाहीतर अख्खी गल्ली येवो, दोन्हीकडचं पाणी एकाच उंचीला येऊन उभं राहतं. तिथे रेघ मारायची. ओट्याची कड, फरशीचा उतार, सगळं त्या रेघेवरून ठरतं. अडाण्याच्या हातात द्या, विद्वानाच्या हातात द्या, पाणी खोटं बोलत नाही.

"मिस्त्री आत मोरीत, मी बाहेर गटारीपाशी," बलभीमराव सांगत होते. "मजुराच्या हातात टोक देतच नाही. पहिल्याच मिस्त्रीनं बजावलं होतं, साहेब, पाणी सांडू देऊ नका. आजवर थेंब सांडू दिला नाही."

"एकसुद्धा?"

"एकसुद्धा."

बुवांनी मान डोलावली. कौतुकाने डोलावली असं बलभीमरावांना वाटलं. मलाही वाटलं.

मग बुवांनी चूळ भरली आणि लोट्यातलं उरलेलं पाणी अंगणात ओतलं.

पाणी क्षणभर विचार केल्यासारखं थांबलं आणि सरळ निघालं. शहाबादी फरशीवरून, न वळता, न पसरता, थेट लिंबाच्या आळ्यात. गाय गोठ्यात जाते तसं.

बलभीमराव बघतच राहिले. वाकले. फरशीवर तळवा फिरवला. मोजपट्टी काढली आणि परत खिशात ठेवली.

"हे कुणी केलं?"

"मिस्त्रीनं."

"कोण आहे? मला हाच माणूस पाहिजे."

"लिंबापलीकडं जेवतोय. ए लाडले..."

लिंबाच्या बुंध्यामागून एक माणूस तोंड पुसत उठला. कानावर पेन्सिल, गुडघ्यापर्यंत सिमेंट. लाडलेसाब मिस्त्री.

बलभीमरावांचा चेहरा आंबट झाला.

"हा? अहो महाराज, याला मी हाकललाय. होळीच्या सुमाराला."

"हाकललं न्हाई बुवा," लाडले म्हणाला. "मीच गेलो. साहेबांनी डबा उघडायला लावला."

"काय होतं डब्यात?" बुवांनी विचारलं.

"भाकरी. अन् शेंगाची चटणी."

"मग?"

"चटणीत बोट घालून बघितलं त्यांनी."

...

"सवय आहे, महाराज," बलभीमराव म्हणाले. आवाज खाली आला होता. "तागडीच्या बुडाला चिंच चिकटवणारे वाणी पाहिलेत मी. बघावं लागतं."

"सापडलं काही?"

"चटणी चांगली होती म्हणं," लाडले म्हणाला. "बोट चाटलं साहेबांनी."

बुवा हसले नाहीत. मी बाभळीखाली हसलो, पण ते तिकडे ऐकू गेलं नसावं.

"तुमचा याच्यावर विश्वास आहे, महाराज?"

"न्हाई."

"अं?"

"सकाळी येतो म्हणतो अन् दुपारी येतो. तंबाखू थुंकतो ती लिंबाच्याच बुडात. याच्यावर कसला विश्वास?"

लाडलेने मान हलवली. मुद्दा त्याला पटला होता.

"मग काम कसं देता याला?"

"या, जरा धरा," बुवा म्हणाले.

अंगणाच्या एका कडेला पाण्याच्या रांजणांसाठी ओटा चालला होता. विटांचा पहिला थर बसला होता. समोरच्या कुंपणाच्या गडग्यावर पेन्सिलीची एक रेघ होती आणि ओट्यामागच्या भिंतीवर दुसरी. मधे अंगणभर नळी पडलेली.

"सकाळी मी धरली होती," बुवा म्हणाले. "तुम्ही माझ्या जागी उभे राहा. रेघ बरोबर आहे का तेवढं बघू. मी लाडलेचं टोक धरतो, त्याचे हात मोकळे होतील."

बलभीमराव गडग्यापाशी गेले. टोक उचललं, अंगठा दाबून धरला आणि पाय रोवून उभे राहिले. सवय असलेला माणूस लगेच कळतो.

बुवा पलीकडे ओट्यापाशी. त्यांच्या शेजारी लाडले, पेन्सिल हातात.

"पाणी ठरलं का, बुवा?" लाडलेने विचारलं.

"ठरलं दिसतंय. हलत न्हाई."

लाडले वाकला. भिंतीवरच्या रेघेकडे बघितलं, नळीकडे बघितलं, पुन्हा रेघेकडे बघितलं.

"रेघेच्या वर हाय की पाणी... चार बोटं वर."

"सापडला!" अंगणाच्या त्या टोकाहून बलभीमराव म्हणाले. "बघा महाराज. माझ्या घरी हेच केलं. लोट्यातलं पाणी गेलं असेल नशिबानं. चार बोटं म्हणजे चार बोटं."

"सकाळी बरोबर होती," लाडले पुटपुटला.

"सकाळी बघायला मी नव्हतो."

लाडलेने हातोडी उचलली. बसवलेला थर उखडायचा, रेघ पुसायची, पुन्हा सुरुवात. पहिली वीट उचकटायला त्याने हातोडीचं टोक सांध्यात घातलं.

"थांब," बुवा म्हणाले.

लाडले थांबला.

"बलभीमराव, एक विचारू?"

"विचारा की, महाराज."

"तागडीला अंगठा लावणारा वाणी तुम्हाला कसा सापडायचा?"

बलभीमरावांची छाती फुगली. असा प्रश्न कुणी फार दिवसांत विचारला नव्हता.

"सोपं असतं. त्याच्या हाताकडे बघायचंच नाही. नजर बघायची. तो गिऱ्हाइकाकडे बघतो. काट्याकडे बघतो. गिऱ्हाइकाच्या पिशवीकडे बघतो. सगळीकडे बघतो हो... एक जागा सोडून."

"कुठली?"

"स्वतःचा..."

...

बाभळीवरचा होला घुमायचा थांबला.

बलभीमराव लाडलेच्या हातोडीकडे बघत होते. मग बुवांकडे बघितलं. मग नळीकडे, ती अंगणातून सरपटत आपल्याकडे येत होती तिथपर्यंत. आणि मग अगदी सावकाश, मान खाली घालून, नळीच्या तोंडाकडे.

तिथे त्यांचा अंगठा होता. दाबून दाबून नख पांढरं पडलेलं.

नखाचा रंग मला बाभळीखालून दिसला का? दिसला.

थेंब सांडला नव्हता.

त्यांनी अंगठा उचलला.

नळीत 'बुडुक' असा आवाज झाला. इकडचं पाणी वर चढलं, तिकडचं खाली गेलं, पुन्हा थोडं उलटं झालं, झुललं, आणि उभं राहिलं. दोन्हीकडे. रेघेवर.

लाडलेने हातोडी खाली ठेवली.

तोंड दाबलेल्या नळीत पाणी हलत नाही, जिथे असेल तिथेच अडतं. चालताना पाणी सांडू नये म्हणून अंगठा, जागेवर पोचलं की काढायचा. एवढंच सांगायचं राहून गेलं होतं त्या पहिल्या मिस्त्रीचं. आणि भिंतीपलीकडून अंगठा कुणाला दिसणार?

"माझ्या मोरीत..." बलभीमराव म्हणाले. "माझ्या मोरीत तुझ्याकडचं पाणी हलत होतं का रे?"

"न्हाई, साहेब. मुरदाड उभं होतं."

"मग विचारलं का नाहीस?"

लाडलेने पेन्सिल कानावर खोचली.

"विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, तुझं टोक बघ. म्हटलं, जाऊ दे. मारली रेघ."

"चुकीची आहे हे कळत असून?"

"वाटत होतं, साहेब. कळत न्हवतं."

"म्हणजे तूही..."

"व्हय. मी बी."

दोघंही बुवांकडे बघायला लागले. निवाड्याला आल्यासारखे.

बुवांनी आपलं टोक लाडलेच्या हातात दिलं. "गुडघे दुखाय लागले," म्हणाले, आणि लिंबाखाली जाऊन बसले. पाठ करून.

आता अंगणात दोघंच. मधे नळी.

"लाडले, येशील का?"

"न्हाई, साहेब."

बलभीमरावांनी मान हलवली. दुसरा असता तर टोक टाकून निघून गेला असता. इथे मात्र मला त्या माणसाचं नवल वाटलं, आणि अजून वाटतं. ते तिथेच उभे राहिले. लाडलेने खांद्याने खूण केली, ते चार पावलं सरकले. सरकताना अंगठा, थांबल्यावर उघडं. लाडले म्हणाला, "कोपऱ्यात," ते कोपऱ्यात गेले. सदरा गडग्याला घासून मळला. सगळ्या ओट्याच्या रेघा मारून होईपर्यंत त्यांनी दुसरं एक वाक्य उच्चारलं नाही, मोजपट्टी काढली नाही आणि लाडलेच्या हाताकडे बघितलं नाही. आपल्या टोकाकडे बघत होते.

उन्हं कलली. लाडलेने नळी गुंडाळली.

"खुर्ची आत ठेवायची," तो म्हणाला.

"कुठली?"

"दारातली. मोरीच्या."

"ठेवतो."

"अन् डबा माझा मीच उघडणार."

"बरं."

"सकाळी येतो मग."

तो दुपारी आला.

बलभीमरावांच्या गल्लीत जाऊन विचारा, सगळे सांगतील. लाडले आत मोरीत आणि साहेब बाहेर गटारीपाशी उभे. आणि दर खेपेला भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात साहेब सांगत होते, "काढलाय रे अंगठा." आतून उत्तर यायचं, "हाललं पाणी." समोरच्या घरातल्या बाईने नवऱ्याला विचारलं म्हणे, या दोघांचं नेमकं काय चाललंय.

संध्याकाळी कुर्डुवाडीचा फोन आला.

"पाणी जातंय का रे?"

"सिमेंट ओलं आहे अजून. पण आई... जाईल."

"जाईल असं तू कधी म्हणला न्हाईस," आई म्हणाली, आणि पिशवी भरायला लागली.

बलभीमरावांच्या आई, यमुनाक्का, आल्या त्या चहा न घेता काठी टेकत थेट मोरीत गेल्या. पाटावर बसल्या. घंगाळातून तांब्या भरला आणि कोपऱ्यात ओतला, जिथे त्या पडल्या होत्या त्याच जागी. पाणी थांबलं नाही. वळलं, निघालं, आणि भोकातून गुळगुळ करत गेलं. त्यांनी दुसरा तांब्या ओतला. तो गेला. तिसरा गेला. म्हातारी लहान पोरीसारखी पाणी ओतत बसली आणि लेक दारात उभा राहून बघत राहिला.

"धरू का ग, आई? हात देऊ?"

"नगं."

"मी इथंच उभा राहतो."

"कशाला? मिस्त्री हाय का मी?" यमुनाक्का म्हणाल्या. "दार लाव अन् जा."

त्यांनी दार लावलं. आणि गेले.

आता कबुली द्यायला हवी, कारण सुरुवातीला शपथ घेतली आहे आणि ग्रामदैवत कडक आहे.

गुलबर्ग्याचा आचारी माझा. तो शिडीवरचा माणूसही माझा. होला त्या दिवशी बाभळीवर होता की नव्हता, आठवत नाही. पण हे किरकोळ. खरी थाप वेगळीच आहे.

तागडीचा तो प्रश्न बुवांनी विचारलाच नाही.

त्यांनी काहीच विचारलं नाही. "थांब" म्हणाले आणि आपलं टोक धरून उभे राहिले, एवढंच. लाडले हातोडी घेऊन उभा, बलभीमराव बोलत उभे. बोलून बोलून बलभीमरावांचे शब्द संपले. मग त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं. लिंबाची सावली ओट्यावरून सरकून बुवांच्या पायाशी आली. बुवांचा हात हलला नाही. शेवटी बघायला दुसरं काही उरलं नाही, तेव्हा बलभीमरावांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं.

पण नुसतं उभं राहणं लिहायचं कसं? वाचणाऱ्याच्या हाताला काहीतरी लागायला नको का? म्हणून मी बुवांच्या तोंडी एक शहाणा प्रश्न घातला. चांगला जमला होता. जमला म्हणूनच मठात जाऊन त्यांना सगळी गोष्ट वाचून दाखवली.

बुवांनी शेवटपर्यंत ऐकली. लिंबाच्या आळ्यातली लाडलेची पिचकारी मातीने झाकली.

"प्रश्न चांगला हाय," म्हणाले. "कुणाचा?"

"माझा."

"मग तुझ्याच नावावर ठेव."

"आणि तुम्ही काय केलं म्हणून लिहू, बुवा?"

बुवांनी थोडा विचार केला.

"लिही... दुसरं टोक धरलं होतं."